फ्लास्क ठेवायचं की गोकडे वळायचं? ३,००० ऊसगाड्यांच्या ट्रॅकिंगचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊस वाहतुकीच्या ठेकेदारांसाठी तुम्ही दोघांनी मिळून गाड्यांचं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर बनवलंय. वेबचा भाग पायथनच्या फ्लास्कमध्ये आहे आणि डेटाबेस पोस्टग्रेस. गाडीतल्या जीपीएस डिव्हाइसशी बोलणारी पायथनचीच एक वेगळी स्क्रिप्ट आहे, ती दर कनेक्शनला एक थ्रेड उघडते. सर्व्हर एकच, २ कोर आणि ४ जीबी रॅमचा. गेल्या हंगामात ३०० गाड्या होत्या, येत्या हंगामात ३,००० होतील. नकाशाचं पान उघडायला आत्ताच चार सेकंद लागतात. मित्र म्हणतो, ‘फ्लास्क खेळणं आहे, सगळं गोमध्ये लिहून काढ.’ ऐकावं का?

अर्धंच ऐका. वेबचा भाग फ्लास्कमध्येच राहू द्या, डिव्हाइसशी बोलणारी स्क्रिप्ट मात्र गोमध्ये नव्याने लिहा. आणि या दोन्हींच्या आधी त्या चार सेकंदांचा छडा लावा, कारण ते दुखणं भाषेचं नाही.

एक गोष्ट आधी सरळ करून घेऊ. फ्लास्क हे फ्रेमवर्क आहे, गो ही भाषा. आर्मिन रोनाखरने २०१० च्या एप्रिल फूलच्या निमित्ताने एक गंमत केली होती, त्यातून फ्लास्क निघालं. त्याच्या पोटात आहे वेबच्या विनंत्या हाताळणारी वर्कझ्युग लायब्ररी आणि टेम्प्लेटसाठी (पानांच्या साच्यांसाठी) जिंजा, बाकी तुम्ही जोडाल ते. गो गूगलमध्ये २००७ साली सुरू झाली, २००९ मध्ये जाहीर झाली आणि २०१२ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. पण वेब सर्व्हर गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतच येतो, आणि २०२४ च्या १.२२ आवृत्तीपासून मेथड आणि पाथमधले बदलते भाग ओळखणारं राउटिंगही त्यात आहे. म्हणून गोवाले लोक बरेचदा फ्रेमवर्क घेतच नाहीत. तेव्हा खरी तुलना आहे ती ‘पायथन, फ्लास्क, ते चालवणारा गनिकॉर्न सर्व्हर, लायब्ऱ्यांसाठी वेगळा कप्पा म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ या सगळ्या बिऱ्हाडाची आणि गोमधून निघणाऱ्या एका फाइलची.

आता ते चार सेकंद. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये नकाशाच्या पानासाठी आधी सगळ्या गाड्या आणल्या आहेत, मग लूप फिरवून प्रत्येक गाडीसाठी लोकेशनच्या टेबलला ‘वेळेच्या उलट्या क्रमाने लाव आणि पहिली ओळ दे’ अशी क्वेरी मारली आहे. म्हणजे ३०० गाड्यांना ३०१ क्वेऱ्या. एकेक क्वेरी १० मिलिसेकंदांची धरली तरी ३ सेकंद तिथेच गेले. हेच तुम्ही गोमध्ये लिहिलंत तर तेही तीन सेकंदच घेईल, कारण त्या वेळात गोसुद्धा पोस्टग्रेसच्या तोंडाकडेच बघत बसणार. त्या क्वेरीपुढे एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ लावून बघा, म्हणजे पोस्टग्रेस ती कशी चालवतो ते दिसेल. ‘सीक्वेन्शियल स्कॅन’, म्हणजे अख्खं टेबल ओळीओळीने वाचणं, दिसला तर बहुधा कामाचा इंडेक्सच (पटकन शोधायची सूची) नाही. डिव्हाइस आणि वेळ या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स हवा. फक्त वेळेवर लावलेला इथे फारसा कामाचा नाही.

खरा इलाज याच्याही पुढचा आहे. ‘गाडी आत्ता कुठे आहे’ आणि ‘गाडी दिवसभर कुठे कुठे गेली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तर टेबलंही दोन ठेवा. पहिल्यात गाडीमागे एकच ओळ, ती सतत बदलत राहील. दुसऱ्यात सगळा इतिहास. मग नकाशाचं पान ३,००० ओळींचं एक छोटं टेबल एका क्वेरीत वाचतं आणि चार सेकंदांचं दुखणं फ्लास्कला हात न लावता जातं. यात एक खाच आहे. जिथे रेंज नाही अशा शिवारात गाडी गेली की डिव्हाइस लोकेशन साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर जुनी पॅकेटं एकदम ओकतं. त्यामुळे ‘शेवटचं ठिकाण’ लिहिताना आलेल्या पॅकेटची वेळ आधीच्या वेळेपेक्षा नवी असेल तरच ओळ बदला. नाहीतर कारखान्याच्या गेटवर उभी असलेली गाडी नकाशावर अचानक फडात दिसेल आणि ठेकेदाराचा फोन तुम्हाला येईल.

आता ३,००० गाड्यांचा हिशोब मांडू. डिव्हाइस दर १० सेकंदांनी एक पॅकेट पाठवतं म्हणता, म्हणजे सेकंदाला ३०० पॅकेटं. एक पॅकेट चाळीसेक बाइटचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ केबी. नेटवर्कच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर इतिहासाच्या टेबलात रोज २ कोटी ५९ लाख २० हजार ओळी पडतील. गाड्या उभ्या असताना डिव्हाइस कमी पाठवतं, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा खाली येईल, पण आखणी याच आकड्यावर करा. टेबलाचं दिवसवार पार्टिशनिंग करा, म्हणजे दर दिवसाचा वेगळा तुकडा ठेवा. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून ही सोय अंगचीच आहे. जुना डेटा काढताना कोट्यवधी ओळी डिलीट करत बसायचं नाही, त्या दिवसाचं पार्टिशनच उडवायचं.

दुसरी अडचण लिहिण्याची. तुमची स्क्रिप्ट प्रत्येक पॅकेटला इन्सर्ट करून लगेच कमिट करते. कमिट म्हणजे डिस्कवर पोचल्याची खात्री होईपर्यंत थांबणं. सेकंदाला ३०० वेळा ते करायला लावलं तर स्वस्तातल्या सर्व्हरच्या डिस्कचा जीव जातो. एक सेकंदाच्या ओळी गोळा करा आणि एकाच फटक्यात लिहा. सर्व्हर पडला तर सेकंदभराची पॅकेटं जातील. ऊसगाडीच्या बाबतीत ते परवडतं, बँकेत परवडलं नसतं.

तिसरी अडचण थ्रेडची. प्रत्येक थ्रेड स्वतःचं डेटाबेस कनेक्शन धरून बसतो, म्हणून तुम्ही पोस्टग्रेसची १०० कनेक्शनांची मूळ मर्यादा वाढवून ५०० केली आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस असते. ४ जीबीच्या मशीनवर हा आकडा ३,००० पर्यंत नेता येणार नाही, भाषा कोणतीही असो.

इथपर्यंत गो लागलीच नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. मग स्क्रिप्ट गोमध्ये का लिहायची?

प्रामाणिकपणे सांगायचं तर एकाच थ्रेडवर अनेक कनेक्शनं सांभाळणाऱ्या पायथनच्या असिंकआयओ लायब्ररीवर ३,००० कनेक्शनं आरामात चालतात. ‘पायथनला हे झेपतच नाही’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. फरक पुढच्या सांभाळण्यात आहे. असिंकआयओमध्ये सगळा कारभार एका लूपवर चालतो. सहा महिन्यांनी तुमच्या जोडीदाराने सहज म्हणून मध्येच एक साधी, थांबून राहणारी डेटाबेस कॉल टाकली, तर ती संपेपर्यंत तीनही हजार डिव्हाइस ताटकळतात, आणि वर एररही येत नाही. गोमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक गोरुटीन (गोचा हलका थ्रेड) द्यायचं आणि आत सरळ वरून खाली वाचता येईल असा कोड लिहायचा. एक गोरुटीन थांबलं तर रनटाइम दुसऱ्याला पुढे काढतो. गोरुटीनचा स्टॅक २ केबीपासून सुरू होतो, म्हणजे ३,००० चे ६ एमबी, बफर वगैरे धरून थोडे अधिक. आणि २ कोर आहेत तर दोन्ही कामाला लागतात. पायथनमध्ये जीआयएल नावाच्या कुलपामुळे एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथन कोड चालवतो. ३.१३ पासून जीआयएलविना चालणारं बिल्ड मिळतं खरं, पण त्याच्या भरवशावर हा हंगाम काढू नका.

तुमची डिव्हाइसं जीटी०६ प्रोटोकॉलची आहेत, त्यामुळे नेमकं कुठे जपायचं ते सांगता येईल. पॅकेटची सुरुवात ७८ ७८ या दोन हेक्स बाइटनी होते, मग एक बाइट लांबी, मग प्रकार (०१ म्हणजे लॉगिन, १३ म्हणजे ‘मी चालू आहे’ सांगणारा हार्टबीट, १२ म्हणजे लोकेशन), मग माहिती, अनुक्रमांक, सीआरसी (पॅकेट बिघडलं का ते तपासणारा आकडा), आणि शेवटी ०डी ०ए. तुमची स्क्रिप्ट एकदा १,०२४ बाइट वाचते आणि जे हाती येईल त्याला एक पॅकेट समजते. टीसीपी असं कुठलंच वचन देत नाही. दोन पॅकेटं चिकटून येतील, एक पॅकेट दोन तुकड्यांत येईल. टेबलावर टेस्ट करताना हे कधी दिसत नाही, मोबाइल नेटवर्कवर रोज दिसतं. ‘मधूनमधून काही गाड्यांची पॅकेटं गायब होतात’ असं जे तुम्ही शेवटी लिहिलंय, त्याचं मूळ मला इथेच वाटतं. आधी तीन बाइट पूर्ण वाचा, लांबी बघा, मग तितके अधिक दोन बाइट पूर्ण वाचा. गोमध्ये ‘रीडफुल’ हे फंक्शन नेमकं याचसाठी आहे. काही मॉडेलांची लांबलचक पॅकेटं ७९ ७९ ने सुरू होतात आणि त्यांत लांबी दोन बाइटची असते, तेही धरून चाला. लॉगिनला त्याच अनुक्रमांकासह उत्तर पाठवायला विसरलात तर डिव्हाइस पुन्हा पुन्हा लॉगिनच करत राहील.

गो घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. तिचे स्वतःचे तीन सापळे या कामात हमखास भेटतात. पहिला: वेब सर्व्हरच्या हँडलरमध्ये पॅनिक (प्रोग्राम पाडणारी चूक) झालं तर गोची लायब्ररी ते सावरून घेते, फक्त ती एक विनंती फसते. पण तुम्ही स्वतः सुरू केलेल्या गोरुटीनमध्ये पॅनिक झालं आणि ते पकडलं नाही, तर अख्खी प्रोसेस मरते. एका चायना डिव्हाइसने लांबी चुकीची पाठवली, तुम्ही स्लाइसच्या (गोमधल्या यादीच्या) बाहेर हात घातलात, आणि ३,००० गाड्या एकदम नकाशावर गोठल्या. म्हणून प्रत्येक कनेक्शनच्या गोरुटीनमध्ये पॅनिक पकडणारं डिफर-रिकव्हर हवंच, आणि त्याआधी लांबीची तपासणी हवी. दुसरा: ‘कोणतं डिव्हाइस कोणत्या कनेक्शनवर’ याचा एक मॅप तुम्ही ठेवाल, आणि अनेक गोरुटीन त्यात एकाच वेळी लिहायला लागतील. त्यावर गो थेट प्राण सोडते, आणि तिथे रिकव्हरही चालत नाही. म्युटेक्स (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) लावा, आणि टेस्ट चालवताना अशा टकरी पकडणारा रेस डिटेक्टर चालू ठेवा. तिसरा सापळा हळू मारतो. गाडी डोंगराआड गेली की कनेक्शन रीतसर बंद न होता नुसतं हवेत विरतं. सर्व्हरला ते उघडंच वाटत राहतं. वाचण्याआधी दरवेळी डेडलाइन (किती वेळ वाट बघायची ती मुदत) लावली नाही तर अशी मेलेली कनेक्शनं साचत जातात. हार्टबीटच्या अंतराच्या दुपटी-तिपटीची डेडलाइन ठीक पडते.

फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादा, म्हणजे एका प्रोसेसने एका वेळी किती फाइली आणि जोडण्या उघड्या ठेवायच्या याची, हा आणखी एक छुपा खड्डा. लिनक्सवर ही मर्यादा बहुधा १,०२४ असते आणि प्रत्येक सॉकेट त्यातला एक खातो. ३०० गाड्यांना हे जाणवलं नाही, हजाराच्या वर जाताच नवी कनेक्शनं नाकारली जातील. गो १.१९ पासून प्रोग्राम सुरू होताना ही सॉफ्ट मर्यादा हार्ड मर्यादेपर्यंत आपोआप वाढवते, तरी लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ती स्वतः लिहून ठेवलेली बरी.

आता फ्लास्क का ठेवायचं. तुमच्या वेबच्या भागात लॉगिन आहे, ठेकेदार-गाडी-ड्रायव्हरचे फॉर्म आहेत, एक्सेल आहे आणि मराठी पीडीएफ रिपोर्ट आहेत. ५० ठेकेदारांनी नकाशा उघडा ठेवला आणि पान दर १५ सेकंदांनी ताजं झालं, तर सेकंदाला तीन-चार विनंत्या होतात. एवढ्यासाठी गो लागत नाही. वेबसॉकेटही लागत नाही. ट्रकची जागा १५ सेकंद शिळी असली म्हणून कोणाचं काही अडत नाही. उलट गनिकॉर्नच्या साध्या वर्करला (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसला) वेबसॉकेटसारखी लांब चालणारी जोडणी दिली की तो वर्कर तिथेच अडकून पडतो.

मराठी पीडीएफ हा मुद्दा मित्राने विचारात घेतलेला दिसत नाही. गोमधली लोकप्रिय पीडीएफ लायब्ररी अक्षरं एकापुढे एक मांडते, देवनागरीची जुळणी करत नाही. ‘किलोमीटर’ मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसते, ‘क्षेत्र’ आणि ‘ट्रक’ पाय मोडून छापले जातात. पायथनमध्ये पीडीएफ काढणारी वीझीप्रिंट लायब्ररी पॅंगोमार्फत अक्षरं जुळवणारं हार्फबझ वापरते, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात, आणि मजकूर तुम्ही जिंजाच्या टेम्प्लेटमध्येच लिहिता. गोमध्ये यावर तोडगे आहेत, पण एखादा ब्राउझर मागे चालवून पीडीएफ काढायचं म्हणजे एक जड वस्तू सांभाळायला घेणं. ठेकेदाराच्या हातात शेवटी तो कागदच पडतो. तो मोडक्या अक्षरात गेला तर तुमच्या गोरुटीनचं त्याला काय कौतुक?

फ्लास्कच्या बाजूला दोन-तीन दुरुस्त्या मात्र करा. सर्व्हरवर डीबग मोड चालू दिसतोय, तो आजच बंद करा. त्या डीबगरमधून बाहेरचा माणूस तुमच्या मशीनवर कोड चालवू शकतो. महिन्याचा रिपोर्ट काढताना ‘वर्कर टाइमआउट’ येतो म्हणता, ते गनिकॉर्नच्या ३० सेकंदांच्या मूळ मर्यादेमुळे. मर्यादा वाढवू नका, रिपोर्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये काढा आणि तयार झाला की लिंक दाखवा. कामं मागे चालवायला आरक्यू ही छोटी लायब्ररी एवढ्याला पुरते, सेलरी या मोठ्या लायब्ररीचा पसारा नको. पांडास ही डेटाची जड लायब्ररी फक्त त्या रिपोर्टच्या प्रोसेसमध्येच इम्पोर्ट करा. २ कोरला गनिकॉर्नच्या सूत्राप्रमाणे ५ वर्कर होतात, आणि पाचही वर्करांनी पांडास पोटात घेतलं तर ४ जीबीतली बरीच जागा उगाच जाते.

दोन भाषा झाल्या तर दुप्पट डोकेदुखी, ही शंका रास्त आहे. ती कमी ठेवायची तर दोघांमध्ये एपीआय उभा करू नका. गो पोस्टग्रेसमध्ये लिहील, फ्लास्क तिथून वाचेल, संपलं. टेबलांची रचना बदलायचा अधिकार एकाच बाजूला ठेवा, म्हणजे टेबलांचे बदल नोंदवून लावणाऱ्या पायथनकडच्या अलेम्बिकला. गोचा प्रोग्राम फक्त दोन टेबलांत लिहितो, बाकी कशाला हात लावत नाही. असा प्रोग्राम हजारभर ओळींत बसतो, आणि एकदा बसला की त्यात वरचेवर बदल होत नाहीत. पायथन येणाऱ्याला एवढ्यापुरती गो शिकायला फार काळ लागत नाही. ‘एरर रिकामी नसेल तर’ हे वाक्य दर चार ओळींनी लिहिताना वैताग येतो, पण नेटवर्कच्या कामात तो वैतागच उपयोगी पडतो. प्रत्येक ठिकाणी काय बिघडू शकतं याचा विचार करणं भाग पडतं.

मोठ्यांची उदाहरणं मित्र देईल. ड्रॉपबॉक्सने वेग महत्त्वाचा असलेले बॅकएंड पायथनमधून गोमध्ये नेले, खरं आहे. इन्स्टाग्राम जँगोवर, म्हणजे पायथनवरच मोठं झालं, तेही खरं आहे. आणि डिस्कॉर्डने २०२० मध्ये आपली एक सेवा गोमधून काढून रस्ट या भाषेत नेली, कारण गोच्या गार्बेज कलेक्शनमुळे (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करण्यामुळे) ठरावीक वेळाने झटके बसत होते. या तिघांच्याही अडचणी तुमच्या नाहीत.

पूर्ण गो मी कधी म्हटलं असतं? सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरवर न चालता कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या विंडोज कॉम्प्युटरवर बसवायचं असतं तर. तिथे पायथन बसवा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, अँटीव्हायरसशी भांडा, हे फोनवरून होत नाही. गोमध्ये १.१६ पासून टेम्प्लेट आणि सीएसएससुद्धा त्याच फाइलच्या पोटात घालता येतात. तुमच्या लॅपटॉपवरून विंडोजसाठी बिल्ड करायचं, एक ईएक्सई फाइल पेन ड्राइव्हवर द्यायची, डबल क्लिक. एवढंच बघा की सी भाषेवर टेकलेली एखादी लायब्ररी आत शिरली, उदाहरणार्थ एसक्यूलाइटचा सर्वांत प्रचलित ड्रायव्हर, तर हा सोपेपणा जातो. तेव्हा शुद्ध गोमध्ये लिहिलेला ड्रायव्हर शोधा.

क्रम असा ठेवा. इंडेक्स आणि दोन टेबलं या आठवड्यात. एकत्र इन्सर्ट आणि पॅकेट नीट वाचणं जुन्या पायथन स्क्रिप्टमध्येच आधी करा, गोसाठी थांबू नका. त्याच वेळी येणारी कच्ची पॅकेटं वेळेसकट एका फाइलमध्ये साठवायला लागा. गोचा प्रोग्राम तयार झाला की तीच फाइल त्याच्यावर सोडा, आणि दोन्हीकडून निघालेल्या ओळी ताडून पाहा. तुमच्या भागातल्या खऱ्या, चिकटलेल्या, तुटक्या पॅकेटांपेक्षा चांगली टेस्ट कोणी लिहून देणार नाही. गाळप बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, तोवर हे होण्यासारखं आहे.

मग गोचा प्रोग्राम वेगळ्या पोर्टवर चालू करा आणि दहा-वीस गाड्याच तिकडे वळवा. जीटी०६ डिव्हाइसचा सर्व्हर आणि पोर्ट एसएमएसने बदलता येतो. त्यात आयपीऐवजी डोमेनचं नाव द्या, म्हणजे पुढे सर्व्हर हलवला तर ३,००० एसएमएस पाठवायची वेळ येणार नाही. त्या सिमवर एसएमएस चालू आहे का, हे मात्र आधीच बघून घ्या. डेटापुरत्या दिलेल्या सिमवर तो बरेचदा बंद असतो, आणि मग प्रत्येक गाडी गाठून डिव्हाइस हाताने बदलावं लागतं.